टेलिंग तळं बुडवण्याआधी त्यातला हिराकस मोजा

प्रश्न आलाय मध्य भारतातल्या एका सल्फाइड (म्हणजे गंधकयुक्त खनिजाच्या) खाणीत काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरकडून. त्यांच्याकडचं जुनं टेलिंग तळं, म्हणजे धातू काढून उरलेला चोथा साठवायचं तळं, बारा-पंधरा वर्षं वापरात नाही. वरचा थर कोरडा पडून पिवळा-तांबडा झालाय, बांधाच्या पायथ्याशी पाझर लागलाय आणि त्याचा पीएच ३.१ येतो, म्हणजे पाणी चांगलंच आंबट. वरून आदेश असा: "तळं पाण्याने भरा, चुना टाका, फाइल बंद करा." त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्यात. पाणी किती, चुना किती, आणि फाइल खरंच बंद होईल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात आशा राहणार नाही. फाइल बंद होणार नाही. काम नीट केलंत तर ती पातळ होईल, एवढंच. आणि पाणी आधी, चुना नंतर या क्रमाने गेलात, तर आज पायथ्याशी बोटाएवढी असलेली धार उद्या सांडव्यावरून वाहील.

मी नागपूरचा. खाणकाम शिकलो तिथेच, पण नोकरीची बहुतेक वर्षं कॅनडातल्या बंद पडलेल्या खाणींवर गेली. चालू खाणीवर माणसं खनिज मोजतात, बंद खाणीवर पाणी मोजतात. मी पाणी मोजणाऱ्यांतला.

मुळापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या व्यवस्थापनाला "पाणी" आणि "चुना" ही एकाच दुखण्यावरची दोन औषधं वाटताहेत. तसं नाही. टेलिंग म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेला, पिठासारखा दळलेला चोथा. त्यात पायराइट असतो, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं संयुग. डोंगराच्या पोटात तो कोट्यवधी वर्षं निमूट पडून होता, कारण हवा लागत नव्हती. आपण तो दळला, त्याचं पृष्ठफळ हजारो पटींनी वाढवलं आणि उघड्यावर पसरला. हवा आणि ओल मिळाली की त्याचं गंधकाम्ल आणि हिराकस होतो. हो, तोच हिराकस, पूर्वी ज्यापासून काळी शाई करत. हा हिराकस पुढे हवेशी आणखी भिडतो, त्यातलं लोखंड गंजासारखं तांबडं होऊन खाली बसतं आणि बसताना पुन्हा आम्ल सोडतं. पाणी पुरेसं आंबट झालं की अॅसिडिथायोबॅसिलस जातीचे जिवाणू कामाला लागतात. लोखंडाच्या या रूपांतराचा वेग ते सुमारे दहा लाख पटींनी वाढवतात. हवेशी भिडून तयार झालेलं हे लोखंड, म्हणजे फेरिक लोखंड, मग पायराइटला स्वतःच खाऊ लागतं. विस्तव पेटल्यावर त्याला काडेपेटी लागत नाही, तशी ही अवस्था.

आता औषधं बघा. पाण्याचं झाकण हवा तोडतं. संपृक्त पाण्यात ऑक्सिजन लिटरला आठ-नऊ मिलिग्रॅम मावतो, हवेत लिटरला पावणेतीनशेच्या आसपास असतो, आणि पाण्यातून तो झिरपण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. त्यामुळे मीटरभर पाण्याखालचा पायराइट जवळजवळ झोपतो. पण ही पुढच्या आम्लाची सोय झाली. आधीच तयार होऊन थरात मिठासारख्या बसलेल्या आम्लाचं काय? त्याला चुनाच लागतो. उलट चुना फक्त तयार झालेलं आम्ल मारतो, उद्या तयार होणाऱ्याला तो अडवत नाही. थोडक्यात, पाणी उद्यासाठी आणि चुना कालसाठी.

याचा सगळ्यात चांगला धडा ओंटॅरिओतल्या एलियट लेकला मिळतो. १९५० च्या दशकात तिथे युरेनियम सापडलं आणि जंगलात डझनभर खाणी उभ्या राहिल्या. शेवटची १९९६ मध्ये बंद झाली. खनिजात युरेनियम अत्यल्प, पायराइट मात्र सुमारे ५ टक्के आणि त्याहून जास्त. युरेनियम विरघळवायला गंधकाम्लच वापरायचे, नंतर चोथ्यात चुना घालून त्याला उदासीन करायचे आणि तळ्यात सोडायचे. कागदावर हिशेब चोख. पण तो चुना गिरणीतल्या आम्लापुरता होता, पायराइटच्या पोटात दडलेल्या आम्लासाठी नव्हता. तळी उघडी पडली, वरचा थर सुकला, आंबला आणि सर्पंट नदीच्या खोऱ्यातली तळी एकामागून एक बिघडली. नदी पुढे ह्युरॉन सरोवराला मिळते आणि मुखापाशी सर्पंट रिव्हर फर्स्ट नेशन या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. निस्तरावं कुणी आणि भोगावं कुणी, हा प्रश्न तिथेही आहेच.

तिथल्या क्वर्क तळ्यात सुमारे ४ कोटी ६० लाख टन टेलिंग आहे, १९२ हेक्टरवर पसरलेलं. जरा आकडेमोड करू. ५ टक्के पायराइट म्हणजे २.७ टक्के गंधक. एक टक्का गंधकातून निघणाऱ्या आम्लासाठी टनामागे ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते, हा आमच्या धंद्यातला पाढा आहे, तोंडपाठ असावा. म्हणजे टनामागे ८४ किलो, आणि अख्ख्या तळ्यासाठी जवळजवळ ३९ लाख टन चुनखडी. इतकी आणणार कुठून, आणि ४ कोटी टन चोथ्यात कालवणार कशी? म्हणून तिथे पाण्याचं झाकण निवडलं. पण जागा उताराची, पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे १४ मीटरचा फरक. सपाट झाकण बसेना. मग आतून बांध घालून पाच कप्पे केले, भातखाचरांसारखे पायऱ्यापायऱ्यांचे. वरच्या कप्प्याचं पाणी खालच्यात उतरतं. कमीत कमी ६० सेंटिमीटर पाणी प्रत्येक कप्प्यावर राहील अशी योजना. पहिला कप्पा १९९२ मध्ये भरला.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. भरण्याआधी त्यांनी वरच्या आंबलेल्या थरात चुनखडीची पूड नांगरून मिसळली, आणि भरल्यावर पाण्यातही चुना दिला. हे टाळून नुसतं पाणी सोडलं असतं, तर काय झालं असतं? ते मी दुसऱ्या एका खाणीवर स्वतः पाहिलंय.

नाव सांगत नाही. लहान खाण, एकच तळं. हिवाळा तोंडावर आलेला, चुनखडीचे ट्रक उशिरा आलेले, आणि पूर्वेकडची शे-दीडशे मीटरची पट्टी पूड न मिसळताच राहिली. "एवढ्याशा पट्टीने काय होतं," असं बैठकीत ठरलं आणि पाणी सोडलं. त्या बैठकीत मीही होतो आणि मीही मान हलवली. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा तळ्याचा पीएच ३.६. त्या पट्टीतला सगळा हिराकस आणि त्याची भावंडं पाण्यात साखरेसारखी विरघळली आणि अख्ख्या तळ्यात पसरली. आम्ही तीन आठवडे होडीतून चुन्याची निवळी नव्हे, चुन्याचं घट्ट दूध फवारत फिरत होतो. पाणी सुधारलं. पण पहिल्या वर्षी जेवढा चुना वाचवला, त्याच्या कितीतरी पट त्या वसंतात गेला.

भूमिगत खाणीतही हेच होतं, नुसत्या मोठ्या प्रमाणावर. इंग्लंडात कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, खाण आपोआप भरत गेली. जानेवारी १९९२ मध्ये आत साचलेलं कोट्यवधी लिटर आंबट, जस्त-कॅडमियमने भरलेलं पाणी एका झटक्यात फुटून नदीत आलं आणि फाल नदीच्या खाडीपर्यंत नारंगी झालं. बुडवणं हा उपाय खरा, पण जुनं मीठ धुऊन निघण्याचा पहिला लोंढा कुणीतरी अंगावर घ्यावाच लागतो. तो तुमच्या चुन्याने घ्यावा, नदीने नव्हे.

आता चुना किती? तुमच्या तळ्याचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून एक कल्पित तळं घेतो. क्षेत्रफळ २० हेक्टर, जाडी १२ मीटर, घनमीटरला दीड टन. एकूण ३६ लाख टन. गंधक ३ टक्के धरलं, तर सगळं आम्ल मारायला सव्वातीन लाख टनांहून जास्त चुनखडी. ती कुणी देणार नाही, मागूही नका. पण आंबलेला थर फक्त वरचा मीटरभर असेल, तर तो ३ लाख टन. त्यात आजच्या घडीला साठलेलं आम्ल टनामागे ८ किलो चुनखडीएवढं निघालं, तर २,४०० टन. बाजारातली चुनखडी शंभर टक्के शुद्ध नसते आणि ढेकळं नीट मिसळत नाहीत, म्हणून ८५ टक्के शुद्धता आणि दीडपट हात सैल धरा: सुमारे ४,२०० टन. २० टनांचे दोनशेहून थोडे जास्त ट्रक. हे जमण्यासारखं आहे. ३६ लाख टनांचं ओझं ३ लाखांवर आणलं, ही त्या पाण्याच्या झाकणाची कमाई.

हे "टनामागे ८ किलो" कुठून येतं, ते नीट करा. यात बहुतेक लोक फसतात. प्रयोगशाळेला नुसतं "एकूण गंधक" विचारलंत, तर ती उद्याचं आणि कालचं आम्ल एकत्र करून देते. तुम्हाला हवंय ते साठलेलं. वरपासून खालपर्यंत खड्डे घ्या, दर २० सेंटिमीटरला नमुना, पाण्यात कालवून पीएच, मग धुऊन निघणारं आम्ल आणि सहज न विरघळणारं, जॅरोसाइटसारख्या पिवळ्या क्षारांत अडकलेलं आम्ल, अशी वेगवेगळी मोजणी मागा. खड्ड्यात रंग बघतच खाली जा. तांबडा, मग पिवळा, मग करडा, मग एकदम गडद राखाडी. गडद राखाडी लागला की तिथला पायराइट अजून ताजा आहे, हवा पोचलेली नाही. चुना त्याच्या वरच्या थरासाठी, पाणी त्याच्यासाठी.

चुना कुठला? मिसळायला चुनखडीची बारीक पूड. कळीचा चुना मातीत कालवू नका. तो महाग पडतो, हातापायांना भाजतो आणि ढेकूळ बाहेरून ११-१२ पीएचला, आतून ३ ला, अशी विचित्र अवस्था होते. चुनखडीचीही एक खोड आहे. आंबट, लोखंड असलेल्या पाण्यात तिच्या खड्यांवर गंजाचा थर चढतो आणि ती आतून शाबूत असूनही मेल्यासारखी पडून राहते. म्हणून पूड बारीक हवी. गिट्टीएवढे तुकडे टाकून "लाइमिंग केलं" असं लिहिणारे अहवाल मी पाहिलेत. ते फक्त रस्त्याला उपयोगी. महाराष्ट्रातले लोक मला साखर कारखान्याच्या प्रेसमडबद्दलही (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाबद्दल) विचारतात, कारण स्पेनमध्ये अझ्नाल्कोयारची पायराइटयुक्त टेलिंग १९९८ मध्ये बांध फुटून ग्वाडियामार नदीकाठच्या शेतांत पसरली तेव्हा तिथे बीटच्या साखर कारखान्यातला चुन्याचा गाळ मातीत मिसळला होता. कल्पना चांगली, पण आपल्याकडचे बहुतेक कारखाने सल्फिटेशन पद्धतीचे, त्यांच्या प्रेसमडमध्ये चुनखडी फार नसते. आधी तपासा, मग ट्रॅक्टर लावा.

पाझराचा विषय वेगळा. तळं बुडवलं तरी बांधाखालचा पाझर वर्षानुवर्षं येत राहणार, कारण आत मुरलेलं आंबट पाणी हळूहळूच निघतं. उलट पाणी वर साचलं की दाब वाढून पाझर काही काळ वाढतो. त्याला चुन्याचा प्लांट लागेल. आणि इथे तुमचा ३.१ पीएच फसवा आहे. पीएच सांगतो फक्त मोकळं आम्ल. ३.१ ला ते लिटरला जेमतेम ४० मिलिग्रॅम चुनखडीएवढं. पण त्याच पाण्यात लिटरला हजार मिलिग्रॅम फेरस (म्हणजे अजून हवेशी न भिडलेलं, विरघळलेलं) लोखंड असेल, तर ते लोखंडच आणखी १,८०० मिलिग्रॅम चुनखडी मागणार. चाळीसच्या हिशेबाने प्लांट बांधलेला माणूस पहिल्या महिन्यातच चुन्यासाठी धावतो. म्हणून पीएच नका विचारू, आम्लता विचारा, आणि ती मोजताना नमुन्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळा म्हणजे लोखंडाचा वाटाही हिशेबात येतो.

समजा पाझर सेकंदाला ५ लिटर आणि आम्लता लिटरला २,००० मिलिग्रॅम चुनखडीएवढी. दिवसाला ४३२ घनमीटर पाणी, ८६४ किलो चुनखडीएवढं आम्ल. विरवलेला चुना वापरला तर तो चुनखडीच्या ०.७४ पट लागतो, म्हणजे ६४० किलो शुद्ध. प्रत्यक्षात ८०० किलो धरा. वर्षाला २९० टन. पुढची किती वर्षं, ते कागदावर लिहायला कुणी तयार नसतं. मी तुमच्या जागी असतो तर तीस धरून पैसे मागितले असते.

प्लांटमध्ये कुठल्या पीएचला काय बसतं, ते धातूवर ठरतं. फेरिक लोखंड ३.५ च्या आसपासच खाली येतं, अॅल्युमिनियम ५ ते ६ मध्ये, तांबं ७ च्या आतबाहेर, जस्ताला ९ लागतो, निकेल-मँगेनीजला त्याहून थोडा जास्त. तुमचं दुखणं तांब्याचं असेल तर काम सोपं. जस्त-मँगेनीज असेल तर पाणी साडेनऊपर्यंत चढवावं लागेल आणि आपल्याकडची सोडण्याची मर्यादा ५.५ ते ९.० आहे, म्हणजे वर चढवून पुन्हा खाली आणायचं. शिवाय फार वर नेलं तर बसलेलं अॅल्युमिनियम पुन्हा विरघळतं. सल्फेट मात्र चुन्याने पूर्ण जाणार नाही. चुना आणि सल्फेट मिळून जिप्सम होतं, ते जेवढं विरघळतं तेवढं, लिटरला दीड-दोन हजार मिलिग्रॅम, राहणारच. खाली शेतं असतील तर हे आत्ताच सांगून ठेवा.

साध्या पद्धतीत चुना घातल्यावर बसणारा गाळ ताकासारखा असतो, त्यात घनपदार्थ जेमतेम १ ते ५ टक्के. तो साठवायला तुम्हाला दुसरं तळं लागेल आणि मग तुम्ही मला पुन्हा लिहाल. म्हणून घट्ट गाळाची पद्धत करा. बसलेला गाळ परत आणून चुन्याच्या दुधात आधी कालवायचा, मग ते मिश्रण आंबट पाण्यात सोडायचं आणि हवा फुंकून फेरस लोखंड फेरिक करायचं. नवे कण जुन्या कणांवर चढतात, गाळ वीस टक्क्यांच्या पुढे घट्ट होतो. युक्ती १९७० च्या आसपासची, अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलच्या लोकांची, आणि आजही हिला तोड नाही. घरी विरजणाचा एक चमचा जे करतो, साधारण तेच.

एक सूचना, पुस्तकात कमी सापडणारी. चुन्याच्या प्लांटमध्ये रसायनशास्त्र कधी दगा देत नाही, पाइप देतात. चुन्याच्या दुधाच्या वाहिन्यांत जिप्समचा थर चढतो, कोपऱ्यांवर आधी. वळणं कमी ठेवा, कठीण लोखंडी पाइपऐवजी जिथे जमेल तिथे रबरी नळी टाका, म्हणजे ती पिळली, बडवली की थर सुटतो. चुना विरवण्याच्या टाकीतली न विरणारी खडी रोज काढा. एका रात्री मी ती काढायला सांगायला विसरलो, पहाटे तीनला मोटर अडकली आणि सकाळपर्यंत कच्चं पाणी सरळ निघून गेलं असतं. वाचलो ते केवळ शिफ्टवरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरमुळे. त्याने न विचारता निघणारी झडप बंद करून पाणी आणीबाणीच्या तळ्यात वळवलं होतं. असं तळं, किमान दोन दिवसांचं, तुमच्या नकाशात आहे का ते बघा.

आता पाणी किती. इथे एलियट लेकची नक्कल करू नका. तिथे वर्षाचं पाऊस-बर्फ बाष्पीभवनापेक्षा जास्त, झाकण आपोआप भरतं. आपल्या मध्य भारतात पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने ऊन तळं पितं. विदर्भात वर्षाचं बाष्पीभवन बहुतेक ठिकाणी पावसाच्या वर जातं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला सहा-आठ मिलिमीटर सहज उडतात. दिवाळीपासून मृगापर्यंतचं बाष्पीभवन आणि पाझर मिळून मीटरभराहून जास्त पातळी उतरली, तर नवल नाही. तेव्हा मेअखेर एक मीटर शिल्लक राहायचं असेल, तर ऑक्टोबरमध्ये किमान सव्वादोन मीटर हवं. त्यावर लाटांची उंची, त्यावर पुराची, त्यावर बांधाच्या माथ्यापर्यंत राखलेली मोकळी उंची. आणि एक पट्टी जरी उन्हाळ्यात उघडी पडली, तर ती दोन महिन्यांत पुन्हा हिराकस करून ठेवते आणि पहिल्या पावसात तुमच्या हाती देते. दरवर्षी उघडं पडून भिजणारं तळं हे कायम कोरड्या तळ्यापेक्षा वाईट.

कमी खोलीचा दुसरा तोटा वारा. लाटांनी तळाचा बारीक चोथा उसळतो, तरंगत राहतो आणि ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात आरामात आंबतो. म्हणून मोठं, उघडं तळं असेल तर मधे आडवे बांध किंवा वाळूचा पातळ थर घालतात. आणखी एक कोपरा तपासा: आर्सेनिक. ते गंजासारख्या तांबड्या लोखंडाला चिकटून बसतं. थर बुडून हवा संपली की ते लोखंड विरघळतं आणि आर्सेनिक मोकळं होतं. तुमच्या खनिजात आर्सेनोपायराइट असेल, तर बुडवण्याआधी मोठ्या नळकांड्यांत सहा महिने चाचणी घ्या. पाण्याने आम्ल गेलं आणि आर्सेनिक आलं, हा व्यवहार कुणालाच परवडत नाही.

पण माझी खरी भीती रसायनाची नाहीच, बांधाची आहे. पाण्याचं झाकण घातलंत की टेलिंगचा बांध धरण होतो, आणि धरणासारखाच कायमचा होतो. ४ ऑगस्ट २०१४ ला ब्रिटिश कोलंबियात माउंट पॉलीचा बांध फुटला, सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि चोथा खालच्या सरोवरांत गेला. पायाखालचा हिमनदीकालीन मऊ मातीचा थर कुणी नीट ओळखला नव्हता. चौकशी करणाऱ्या तज्ज्ञांनी जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं: टेलिंगवर पाणी साठवणं कमी करा, ते निचरू द्या, दाबून घट्ट करा. म्हणजे वीसेक वर्षं आम्ही रसायनवाले पाण्याचं झाकण हा सर्वोत्तम उपाय म्हणून शिकवत होतो, आणि बांधवाले आता म्हणतात की तेच सर्वात मोठं संकट. दोघंही बरोबर आहेत. या भांडणाला मधला तोडगा नाही, प्रत्येक तळ्याचा निकाल वेगळा लावावा लागतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योला २५ जानेवारी २०१९ रोजी बांध कोसळून २७० माणसं गेली. तो बांध वरून कोरडा दिसत होता, आतून ओलाचिंब होता. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंगसाठी जागतिक मानक आलं. ते मागवा आणि तुमचा बांध कसा वाढवत नेलाय ते आधी पाहा. जुन्या चोथ्यावरच पुढचा बांध चढवत आत सरकत गेले असतील, म्हणजे अपस्ट्रीम पद्धत असेल, तर त्यावर दोन मीटर पाणी साठवण्याचा विचार सोडून द्या. अशा बांधामागे पाणी साठवा असं मी तरी लिहून देणार नाही.

मग काय करायचं? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, अख्खं तळं बुडवण्यापेक्षा भूजलाची पातळी थरात वर आणून ठेवणं आणि वर ओल धरणारा मातीचा थर घालणं हे तुमच्याकडे जास्त टिकेल. एलियट लेकलाच स्टॅनरॉक तळ्यावर पाण्याचं झाकण न घालता हाच मार्ग घेतला, सोबत चुन्याचा प्लांट. संपृक्त चोथ्यातून ऑक्सिजन पाण्यातल्यासारखाच मंद जातो. वर तळं दिसलंच पाहिजे असं नाही. खाणीचा उघडा खड्डा जवळ असेल आणि तो कायम भूजलाखाली राहणार असेल, तर त्याहून उत्तम. सगळ्यात आंबट थर खरवडून, चुनखडी मिसळून त्या खड्ड्याच्या तळाशी टाका आणि बुडवा. खड्ड्याला फुटणारा बांध नसतो. चालू गिरणी असेल तर शेवटच्या वर्षांत तरंगण पद्धतीने, म्हणजे फेसावर तरंगवून, पायराइट वेगळा काढून फक्त तोच थोडा माल खोल गाडा, बाकीच्या गंधकमुक्त चोथ्याने वर झाकण करा. दळण तुमच्या हातात आहे तोवरच हे जमतं.

जाता जाता, गोव्यातले मित्र पावसाळ्यात लाल पाण्याचे फोटो पाठवून "हेच का ते?" असं विचारतात. बहुतेक वेळा नाही. तिथलं खनिज लोहाचं ऑक्साइड, गंधक जवळजवळ नाही. ते पाणी लाल असतं ते मातीच्या बारीक गाळाने, आणि त्याला चुना नको, बसायला वेळ आणि जागा हवी. आम्लाचं पाणी उलट पुष्कळदा उगमापाशी काचेसारखं स्वच्छ असतं आणि शंभर मीटर वाहिल्यावर नारंगी होतं. मेघालयात जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या उंदीरबिळासारख्या खाणींनी नद्या आंबवल्या, तिथे टेलिंग नाही, पण रसायन अगदी हेच.

आता तुमचं काम. व्यवस्थापनाला उत्तर लिहिण्याआधी पाझरापाशी जा, जमिनीतून पाणी नेमकं जिथून येतं तिथेच पांढरी बादली भरा. तिथेच पीएच घ्या. मग ती उघडी, सावलीत, आठवडाभर ठेवा. रंग रोज बघा, पीएच रोज लिहा. तळाशी नारंगी साका बसून आकडा ३.१ वरून २.७ कडे सरकला, तर पाझरात लोखंड दडलेलं आहे आणि तुमचा चुन्याचा पहिला अंदाज कित्येक पटींनी कमी निघणार. जागचा जागी राहिला, तर मला खड्ड्यांच्या नमुन्यांचे आकडे आणि बांधाचा जुना उभा छेद पाठवा. आधी छेद.